शेजवान, शेझवान की सेझवान? आणि मुळात हा शब्द आला कुठून?

खडीसाखर
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन यंदा माझ्या गळ्यात पडलंय. कविता कशाबशा पार पडल्या, गाडी अडलीय पाककृतींपाशी. एकीने 'शेजवान पराठा' पाठवलाय, दुसरीने 'शेझवान इडली', तिसरीने 'सेझवान सॉस घालून उपमा' (हो, उपमा). आणि एका काकांनी 'सिचुआन पद्धतीची वांगी' दिलीत, वर चिठ्ठी जोडलीय की शब्द हाच बरोबर, बाकी सगळा अडाणीपणा.
तर मराठीत नेमकं काय लिहायचं? सिचुआन आणि शेजवान एकच असेल तर एवढा अपभ्रंश झाला कसा? आणि तिकडे ही लाल चटणी खरंच खातात का?

टवाळ
शेजवान = शेज + वाण. शेजारणीने दिलेलं वाण. तिखट असायचं कारण त्या दोघींनाच ठाऊक.
धागा बंद करा आता.

कर्जत लोकल
ताई, तुमच्याकडे तीनच प्रकार? स्टेशनाबाहेरच्या गाड्यांवर मी शेजवान, सेजवान, शेज्वान, सिजवान आणि एके ठिकाणी चक्क 'शेजवॉन' वाचलंय. एकाच फ्लेक्सवर वर 'शेजवान राईस' आणि खाली 'सेजवान नूडल'. रंगवणारा बहुतेक मधे जेवायला गेला असावा. चव सगळीकडे एकच, हे महत्त्वाचं. तो लाल हात, ती कढई, तो भडका, आणि वर मूठभर कोबी.

मीठभाकर
उपम्याचं वाचून खचले. पण आमच्याकडे शेजवान डोसा होतो, त्यामुळे गप्प बसते.

अक्षरशत्रू
खडीसाखर, स्पेलिंगची गंमत सांगतो. चीनमधल्या त्या प्रांताचं नाव रोमन लिपीत पूर्वी टपालखात्याच्या पद्धतीने लिहीत. ती अक्षरं अशी: एस, झेड, ई, सी, एच, डब्ल्यू, ए, एन. आता घरातली चटणीची बाटली घ्या आणि तिच्यावरची अक्षरं मोजा: एस, सी, एच, ई, झेड, डब्ल्यू, ए, एन. तीच आठ अक्षरं! फक्त 'झेड' आणि 'सीएच' यांनी जागा बदलल्यात. कुठल्या तरी मेन्यूकार्डावर, कुणाच्या तरी हातून. पुढे सगळ्यांनी ती उलटापालट इमानेइतबारे वाचली. 'एससीएच' म्हटलं की आपल्या तोंडात 'श' येतो, झेडचा 'झ' झाला, आणि 'सेच्वान'चं 'शेझवान' झालं. अपभ्रंश बोलण्यात झालाच नाही, तो कागदावर झाला. बोलून बिघडलेले शब्द पुष्कळ असतात, वाचून बिघडलेला एवढा लोकप्रिय शब्द मला तरी दुसरा आठवत नाही.
चीनने १९५८ साली पिनयिन ही नवी पद्धत घेतली, तिच्यात ते 'सिचुआन' झालं. काकांचा शब्द या नव्या पद्धतीतला, गाडीवरचा जुन्या पद्धतीच्या चुकीच्या नकलेतला.

भाषाप्रेमी_सातारा
म्हणजे काकाच बरोबर. चूक कळल्यावर ती अंकात छापण्यात काय हशील? छापील अंक आहे, पुढच्या पिढ्या वाचणार. 'सिचुआन'च लिहा.

कर्जत लोकल
पुढच्या पिढ्या सोसायटीचा दिवाळी अंक वाचणार, हा आशावाद आवडला.

अक्षरशत्रू
@भाषाप्रेमी, मग 'हापूस'ला 'आफोंसो' म्हणा. पाव, बटाटा, कोबी, पगार हे सगळे पोर्तुगीज शब्द आपण तोडूनमोडूनच घेतले, आणि आता ते आपले झाले. शब्द घरात आला की घरच्या वळणाने चालणार.

भाषाप्रेमी_सातारा
फरक आहे. हापूस हे फळाचं नाव झालं. सिचुआन हे आजही नकाशावरचं ठिकाण आहे. उद्या तिकडच्या कुणी 'कोल्हापुरी'चं 'खोपूली' केलं तर चालेल?

टवाळ
कोल्हापूरकरांना विचारून सांगतो. विचारणारा मी नव्हेच, एवढं मात्र आधी लिहून द्या.

चिनीमाती
उशिरा आलो. कामानिमित्त बरीच वर्षं छंगडूला, म्हणजे त्याच सिचुआनच्या राजधानीत काढलीत, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो. पटलं नाही तर वरणभाताला उतारा समजा.

आधी उच्चार. काकांचं 'सिचुआन'ही तितकंसं खरं नाही. पहिल्या अक्षरात 'इ' ऐकूच येत नाही, नुसता 'स' लांबवल्यासारखा वाटतो. दुसरं अक्षर बीजिंगवाले जीभ मागे वळवून 'छ्वान' म्हणतात. छंगडूची माणसं मात्र जीभ वळवतच नाहीत, त्यांचा तो आवाज आपल्या 'चाक', 'चमचा' यांतल्या 'च'च्या जवळचा, फक्त हवा जास्त. मराठी माणसाला हा उच्चार आयता जमतो. आमच्या ऑफिसातले इतर भारतीय 'चिवड्या'तला 'च' लावायचे आणि कॅन्टीनवाली मावशी हसायची.

अर्थ. 'स' म्हणजे चार, 'छ्वान' म्हणजे नदी किंवा मैदान, म्हणून 'चार नद्यांचा प्रदेश' असं गाइडसुद्धा सांगतात. खरं तर सोंग राजवटीत त्या मुलखाचे चार विभाग केले होते, 'छ्वानशियाचे चार विभाग' असं त्यांना म्हणत, त्याचं आखडून हे नाव उरलं. नद्या मोजायला गेलात तर चारावर थांबणारही नाही.

आता चटणी. नाही, तिकडे ती नाही. लसूण, लाल मिरची, व्हिनेगर, सोया सॉस, साखर आणि वर केचप, असं काही मी छंगडूत पाहिलं नाही. त्यांचा मुख्य ऐवज म्हणजे दोबानजियांग: बाकल्याच्या जातीचे मोठे दाणे आणि मिरच्या मिठात घालून महिनोन्‌महिने आंबवतात. रांजण उघड्यावर, उन्हात, काठीने ढवळत राहायचं. रंग विटकरी, वास आंबूस-खारट. आणि दुसरी गोष्ट ह्वाजियाओ, जिला इंग्रजीत सिचुआनची मिरी म्हणतात, पण मिरीशी तिचं नातं नाही. ती तिखट नसतेच. जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, आणि मग पाणीसुद्धा वेगळं लागतं. तिकडच्या चवीला 'मा-ला' म्हणतात: मा म्हणजे बधिर, ला म्हणजे तिखट. आपल्या शेजवानात 'ला' आहे, 'मा' गायब.

मालवणी_माशे
अहो चिनीमाती, मुंग्या, बधिर ओठ... हे तर आमचं तिरफळ!

चिनीमाती
अगदी. मी मुद्दाम थांबलो होतो, म्हटलं बघू कोण ओळखतंय.

मालवणी_माशे
ओळखणार नाही तर काय! बांगड्याच्या आमटीत तिरफळ नसेल तर आमची आजी ताट पुढे सरकवायची. काटेरी झाड असतं, खोडावर हे एवढाले काटे. पावसाळ्याच्या सुमारास हिरवे घोस येतात. वाळली की फळं तोंड उघडतात आणि आतली काळी चकचकीत बी दिसते. ती बी काढून टाकायची, कामाचं ते साल. गोव्यात तेफळ म्हणतात, उडदामेथीत घालतात. पण कोळंबीत घालू नका, बांगडा-तारली अशा वासाच्या माशाचं ते काम.

वरणभात
थांबा. तिरफळ म्हणजे पोट साफ करायचं चूर्ण ना?

मालवणी_माशे
ते त्रिफळा! हिरडा, बेहडा, आवळा. ते बांगड्यात घालून बघा आणि कळवा.

टवाळ
नंतर मात्र कळवू नका.

अक्षरशत्रू
मालवणी बरोबर बोलतायत. तिरफळ आणि ह्वाजियाओ एकाच प्रजातीतली झाडं, झँथॉझायलम. तिरफळ ते झँथॉझायलम ऱ्हेट्सा. कुळ लिंबाचं, म्हणून त्या सालीला लिंबासारखा वास. आपला कढीपत्ताही त्याच कुळातला. नेपाळ-उत्तराखंडात टिमूर म्हणून मिळतं ते आणखी एक भावंड.
म्हणजे बघा, बाटलीवर सिचुआनचं नाव आहे पण आत सिचुआनची खूण नाही. आणि जिच्यात ती खूण आहे ती बांगड्याची आमटी, तिला कुणी शेजवान म्हणत नाही.

मीठभाकर
'शेजवान बांगडा' असा फ्लेक्स उद्याच लागणार. तुम्हीच जबाबदार.

न्यूजर्सीची_मावशी
अमेरिकेत ही ह्वाजियाओ १९६८ पासून २००५ पर्यंत आणायलाच बंदी होती. लिंबाच्या कुळातली ना, तिच्याबरोबर लिंबू-संत्र्यांचा कँकर हा रोग येईल अशी भीती. बंदी उठली तीही दाणे तापवून रोगजंतू मारायच्या अटीवर. मधल्या काळात इथल्या चायनीज हॉटेलांचं सिचुआन जेवणही बरंचसं मुंग्यांविनाच चाललं. तेव्हा एकट्या मुंबईला नावं ठेवू नका.
कोकणातून येताना मी बांगड्यासाठी तिरफळाची पुडी आणते. कस्टम्सवाल्यांना ते काय आहे हे समजावणं हा स्वतंत्र धाग्याचा विषय.

फिजिक्सवाली
मुंग्यांवरून आठवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी २०१३ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांच्या ओठांना सिचुआन मिरीची पूड लावली, बोटाला कमीजास्त वेगाने थरथरणारं यंत्र लावलं आणि विचारलं, ओठावरची थरथर कुठल्या वेगाशी जुळते? उत्तर आलं सुमारे ५० हर्ट्झ. त्यातलं सांशूल नावाचं द्रव्य स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. म्हणजे ती चव नव्हेच, स्पर्शाचा भास आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णतेच्या वाटेने जातं, म्हणून मिरची 'भाजते'.

कर्जत लोकल
५० हर्ट्झ म्हणजे आपल्या घरातली वीज! तरी म्हटलं, आजीची आमटी खाल्ल्यावर दिवा का लागतो.

मीठभाकर
मराठीत याला शब्द आहेत की. मिरचीचं झणझणीत, तिरफळाचं झिणझिणीत.

भाषाप्रेमी_सातारा
मीठभाकर, हे मात्र मनापासून आवडलं. +१

माझगावकर
चटणी मुंबईत कशी आली, यावर थोडं. इथे जे चिनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले ते मुख्यतः कँटनच्या बाजूचे, काही हाक्का. सिचुआनचे जवळपास नाहीत. आमच्या माझगावात नवाब टँकपाशी त्यांचं जुनं देऊळ आहे, गल्लीत शिरल्याशिवाय दिसत नाही. त्यांच्या हॉटेलांतलं जेवण कँटनी धाटणीचं, म्हणजे आपल्या भाषेत मिळमिळीत. मिरची हवी तर व्हिनेगरात घातलेल्या हिरव्या मिरच्यांची वाटी टेबलावर.
१९६२ च्या युद्धानंतर त्यांचे वाईट दिवस आले. देशातल्या अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीला छावणीत नेऊन ठेवलं, पुष्कळ जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हॉटेलंच धरली.
मग सत्तरच्या दशकात ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन निघालं आणि मुंबईच्या बड्या लोकांना 'सिचुआन' हा शब्द कळला. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं. ते कलकत्त्यात जन्मलेले. लसूण, आलं, हिरवी मिरची आपली, सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर तिकडचं. मंचुरियाशी त्या पदार्थाचा जेवढा संबंध, तेवढाच शेजवानचा सिचुआनशी. पंचतारांकित मेन्यूवरून शब्द खाली उतरत उतरत गाडीवर आला, आणि उतरताना अक्षरशत्रूंची ती अक्षरं सांडली असावीत.

अक्षरशत्रू
'सांडली' मस्त!

एलएलबी_अर्धवट
अवांतर: 'शेजवान चटणी' या दोन शब्दांवर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला गेलाय, आणि त्यावरून कंपन्यांची भांडणं दिल्ली उच्च न्यायालयात पोचलीयत. एक बाजू म्हणते हे आमच्या मालाचं नाव, दुसरी म्हणते हे नुसतं वर्णन, 'लिंबाचं लोणचं' म्हटल्यासारखं. आता सिचुआनच्या नावाचं चुकीचं स्पेलिंग हे वर्णन कशाचं, हा प्रश्न मला परीक्षेत आला असता तर मी 'अर्धवट' राहिलो नसतो.

वरणभात
चिनीमाती, एक शंका. मिरची तर अमेरिकेतून आली. मग पोर्तुगीज यायच्या आधी सिचुआनवाले तिखट काय खायचे?

चिनीमाती
छान विचारलंत. आपण जे खायचो त्याच धर्तीवर. आपल्याकडे मिरी, पिंपळी, आलं. त्यांच्याकडे ह्वाजियाओ आणि आलं. चिनी लिखाणात मिरचीचा पहिला उल्लेख १५९१ चा, तोही शोभेचं झाड म्हणून: पांढरी फुलं, लाल फळ, दिसायला सुंदर. तिला नाव दिलं फानजियाओ, 'परदेशी जियाओ'. सिचुआन समुद्रापासून लांब, तिथे ती पोचून रुळायला आणखी बराच काळ गेला.
आता नावं बघा. ह्वाजियाओ म्हणजे तिरफळाची बहीण, हूजियाओ म्हणजे काळी मिरी (हू म्हणजे परका), लाजियाओ म्हणजे मिरची. नवा मसाला आला की जुन्याच जियाओच्या घरात नांदायला पाठवायचा. आपणही तेच केलं. संस्कृत मरिच म्हणजे काळी मिरी, तिच्यावरून मिरी, आणि समुद्रापलीकडची पाहुणी आली तेव्हा त्याच नावावरून मिरची. इंग्रजांनीही 'पेपर'च लावला.

टवाळ
थोडक्यात, जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत मुद्रितशोधकाची वानवा.

मीठभाकर
कुणी मागितली नाही, तरी माझी पद्धत देते. सुक्या ब्याडगी मिरच्या रंगासाठी, थोडी लवंगी तिखटासाठी. बिया झटकून गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, मग त्याच पाण्यात वाटायच्या. लसूण मिरचीच्या बरोबरीने आणि बारीक चिरलेला, वाटलेला नको. तेल सढळ. लसूण गुलाबी झाला की आलं, मग वाटण, आणि तेल सुटेपर्यंत हलवत राहायचं. इथे घाई केली की कच्चट लागते. शेवटी व्हिनेगर, मीठ, चिमूट साखर, दोन थेंब सोया सॉस. सेलरी मिळाली तर दांडे घाला, नाहीतर कोथिंबिरीचे देठ. केचप मी घालत नाही, हे इथे जाहीर करते.
आई याला 'व्हिनेगर घातलेला ठेचा' म्हणते आणि भाकरीबरोबर खाते.

खडीसाखर
बापरे, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती! सगळं वाचून ठरवलंय: पराठा, इडली आणि उपमा (अजूनही उपमा) 'शेजवान'. आपल्या 'ज'ला 'जहाज'मधल्यासारखा उच्चार आहेच, मग 'झ' कशाला? आणि काकांच्या वांग्यांना 'सिचुआन', कारण त्यांच्या कृतीत खरंच दोबानजियांग आहे, मुलाने पाठवलेलं. दोन पदार्थ वेगळे, तर दोन शब्द राहू देत.
भाषाप्रेमी, चालेल?

भाषाप्रेमी_सातारा
चालेल. तळटीप मात्र टाका.

चिनीमाती
खडीसाखर, काकांची वांगी म्हणजे 'यूश्यांग' वांगी असणार. शब्दशः अर्थ 'माशाच्या वासाची वांगी'. त्यात मासा नसतो हं. माशाला जो मसाला लावतात तो वांग्याला लावला, म्हणून नाव तसं.

खडीसाखर
माशाच्या वासाची?! आमची सोसायटी शुद्ध शाकाहारी आहे, पाटीवर लिहिलंय! तळटीप रद्द.

मालवणी_माशे
मला पत्ता द्या, मी राहायला येतो.

खडीसाखर
काकांना धागा वाचून दाखवला. ते खूश आहेत आणि विचारतायत की ह्वाजियाओ संपलीय, वांग्यात तिरफळ चालेल का? आणि किती?

चिनीमाती
चालेल. मला तरी तिरफळाचा वास जास्त उग्र लागतो आणि झिणझिण्या जरा कमी, तेव्हा हात आखडता ठेवा.

मालवणी_माशे
चौघांच्या भाजीला पाच-सहा पुरेत. बिया काढून, साल पाण्यात भिजवून नुसती ठेचायची आणि भाजी उतरायच्या थोडं आधी घालायची. मिक्सरला लावू नका, कडू होतं. आणि काकांना सांगा, जेवताना ती सालं ताटात बाजूला काढायची, चावायची नाहीत.